सतरा नंबर

सिमितेरीची वही माझ्याकडे असते.
सत्तावीस वर्षं मी तीत माणसं लिहितो.
नाव, तारीख, फोंडाचा नंबर,
आणि शेवटच्या रकान्यात, पेन्सिलीने,
उघडायची तारीख.
कुठ्ठाळीत जमीन थोडी, मेलेले फार.
तीन वर्षं माती ठेवून घेते,
मग हाडं विहिरीत, जागा दुसऱ्याला.

पैसेवाल्यांची नावं तेवढी शाईने.
त्यांचे फोंड कायमचे: संगमरवर, साखळी,
आणि पितळी अक्षरांत 'अनंतकाळासाठी'.
ही अक्षरं दर पावसाळ्यात हिरवी पडतात.
घासून द्यायचे इनास दीडशे घेतो.

सालुस्तियान कुलासोने असा एक फोंड
हिंडताफिरताच विकत घेतला.
तेव्हा त्याच्या सहा बार्जी झुआरीतून
लाल माती ओढत होत्या.
दगडावर नाव कोरून झालं, जन्माचं वर्ष,
पुढे एक आडवी रेघ,
रेघेपुढे गुळगुळीत मोकळी जागा.
दर आयतारी मिस्सा सुटली की यायचा,
रुमालाने ती जागा पुसायचा,
प्लॉट बघायला आल्यासारखा कमरेवर हात ठेवून म्हणायचा,
"इथून नदी दिसते बघ."
कुणाला दिसणार, पात्राव,
असं मी म्हटलं नाही.

मग त्या मे महिन्यात 'स्टेला मारिस'वरचा खलाशी बुडाला.
पात्रास कुजूर. गुमल्याचा. वय बावीस.
दोर तुटला, तुकडा पायाला वेढून घेऊन गेला.
तिसऱ्या दिवशी खारफुटीत सापडला.
फोनवर आई म्हणाली, इतक्या लांबून कसा आणणार,
तिथेच ठेवा, क्रूस तेवढा उभा करा.
मी वही उलटीपालटी केली.
सगळे फोंड भरलेले.
सगळ्यांत लवकर उघडणारा, ऑगस्टात.

सालुस्तियान दारात उभा राहिला.
आत आला नाही. म्हणाला, "माझा उघड."
"पात्राव, तो कायमचा. एकदा दिला की..."
"वाचता येतं मला."

त्याला संत करू नका.
तो दोर सहा महिने बदलायचा राहिला होता,
हे त्याला ठाऊक होतं.
मलाही होतं. मीही बोललो नव्हतो.

पुढे खाणी थांबल्या,
बार्जी वजनावर भंगारात गेल्या,
दगडावरचं नाव बदलायचं राहूनच गेलं.
दोन वर्षांनी पोराची आई आली.
वाचता येत नव्हतं तिला.
मेणबत्ती लावली, आणि बराच वेळ
कुलासोच्या नावावरून बोटं फिरवत राहिली,
एकेका अक्षरावरून, पोराच्या केसांतून फिरवावीत तशी.
मी काही सांगायला गेलो नाही.
फाटकाशी सालुस्तियान टोपी हातात घेऊन उभा होता.
त्यानेही नाही.

तो गेला तेव्हा सतरा नंबर मोकळा होता.
पेन्सिलीने लिहिला.
आज ती तारीख.

इनासने फावड्याने नाही, हातांनीच काढलं सगळं.
पाटीत मावला. सहा बार्जींचा मालक,
एका पाटीत, वर थोडी जागा उरली.
मग माती चाळताना काहीतरी चमकलं:
सोन्याचा दात.
इनासने तो माझ्या तळव्यावर ठेवला
आणि दुसरीकडे बघत राहिला.
त्याची मुलगी यंदा कॉलेजात गेली आहे.

स्विंडनला फोन लावला. एल्मिरा म्हणाली,
"तुम्हीच काय ते बघा, अंकल."
नियमाने तो कोंफ्रारीच्या खाती जमा व्हायचा.
खिशात घालून मी घरी जेवायला गेलो.
मासळी होती. जेवण गेलं नाही.

परत येऊन तो इनासला दिला.
वहीत लिहिलं नाही.
बरोबर केलं की चूक, ठाऊक नाही.
यंदाचा हिशेब दोन ग्रॅमनी चुकलेला आहे.

चार वाजता मिंगेलीनची सासू येते आहे.
मी रबर घेऊन सालुस्तियानचं नाव खोडतो.
सतराव्या ओळीत कागद
खोडून खोडून इतका विरलाय,
की खिडकीशी धरला तर
पलीकडची नावं दिसतात.